शब्दचर्चा : प्रश्नावलीची ‘विश्वसनीयता’ म्हणजे नेमकं काय?

डिचोलीहून

माझी भाची मानसशास्त्रात एम. ए. करते. नैराश्याची चाळणी करणाऱ्या एका मराठी प्रश्नावलीवर तिचा प्रबंध आहे, आणि त्यातलं मराठी तपासायचं काम माझ्याकडे आलं. ‘सदर प्रश्नावलीची विश्वसनीयता उच्च असल्याचे आढळले’ या वाक्यापाशी मी थांबले. तिला विचारलं, हा विश्वास कुणी कुणावर ठेवायचा? बाईने डॉक्टरवर, की डॉक्टरने बाईच्या उत्तरावर? ती म्हणाली, “मावशी, इथे विश्वासाचा संबंधच नाही गं.” मग हा शब्द का?

‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणं. त्याला ‘वि’ लागला की विश्वास, म्हणजे निर्धास्तपणे विसंबणं. ‘विश्वसनीय’ आणि ‘विश्वासार्ह’ यांचा कोशातला अर्थ जवळपास एकच, पण वापरात मला फरक जाणवतो. माणूस विश्वासार्ह असतो, बातमी विश्वसनीय असते. ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ असं वर्तमानपत्र छापतं, तेव्हा ती बातमी खरी धरावी असाच त्याचा अर्थ होतो. हाच अर्थ मनात ठेवून कुणी तो प्रबंध वाचला, तर या प्रश्नावलीतून निघालेलं उत्तर खरं असतं, असं तो समजेल. मीही तसंच समजले होते.

जाणकारांनी सांगावं : शास्त्रात या शब्दाचा अर्थ काय, आणि तो बदलायला हवा का?

पणजीहून

बाई, मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, म्हणून लिहायला बसलो. तुमची भाची म्हणते ते बरोबर आहे. शास्त्रातल्या विश्वसनीयतेचा खरेपणाशी थेट संबंध नाही. मोजमाप पुन्हा केलं तर आकडा किती टिकतो, एवढंच ती सांगते. जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का, हा प्रश्न वेगळा. त्याला बी. एड.च्या पुस्तकांत ‘सप्रमाणता’ म्हणतात, काही जण ‘वैधता’ किंवा ‘यथार्थता’ लिहितात.

टिकणं मोजायच्या तऱ्हा अनेक. तीच प्रश्नावली त्याच माणसाला काही दिवसांनी पुन्हा द्यायची, ही एक. दोन मुलाखतकारांनी त्याच माणसाला स्वतंत्रपणे विचारायचं, ही दुसरी. आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी म्हणजे आतल्या आत पाहायची : एका बैठकीतली सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांना किती धरून आहेत ते बघायचं. तिचा आकडा म्हणजे ली क्रॉनबाख यांचा १९५१ सालचा ‘अल्फा’, १ च्या जितका जवळ तितकी जुळणी जास्त. प्रबंधांत नुसतं ‘विश्वसनीयता’ लिहिलेलं असलं, की बहुतेक वेळा तो अल्फाच असतो.

अल्फाचा एक गुण विद्यार्थ्यांना मी मुद्दाम फळ्यावर करून दाखवतो. दहा प्रश्नांची विश्वसनीयता ०.७० असेल आणि त्याच धाटणीचे आणखी दहा प्रश्न जोडले, तर स्पिअरमन-ब्राउन सूत्राने ती ०.८२ होते. नवीन काहीच कळलेलं नसतं, तीच विचारपूस लांबवलेली असते. ‘उदास वाटतं का’, ‘मन खिन्न असतं का’, ‘खट्टू वाटतं का’ असे सख्ख्या भावंडांसारखे प्रश्न ओळीने ठेवले, की आकडा आपोआप फुगतो.

दोन मुलाखतकारांच्या बाबतीतही असंच फसायला होतं. १०० बायका आहेत. दोघींनी प्रत्येकी १० जणींना ‘त्रास आहे’ म्हटलं आणि एकूण ९० बायकांच्या बाबतीत दोघींचं जुळलं. ९० टक्के! पण दोघींनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी ८२ टक्के जुळलंच असतं, कारण बहुतेक खुणा ‘नाही’च्या आहेत. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कप्पा’ हा योगायोग वजा करतो. मग उरतात ०.४४. ९० टक्के वाचून सुटलेला निःश्वास मागे घ्यावा लागतो.

पेडण्याहून

मी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आकड्यांचं मला फारसं कळत नाही, पण त्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत, त्यामुळे ते कुठे अडतं हे माहीत आहे.

आमच्याकडे मानसिक त्रासाची चाळणी करणारी जागतिक आरोग्य संघटनेची ‘एसआरक्यू-२०’ होती. वीस प्रश्न, हो किंवा नाही. एक बाई समोर बसली होती, मांडीवर पोर. मी कागदावरचं वाचलं : ‘झोप नीट लागत नाही का?’ ती म्हणाली, ‘ना.’ मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढे गेले. चार प्रश्नांनंतर ती आपणहून म्हणाली, ‘सांगितलं ना सिस्टर, झोपच लागत नाही.’ तिचं ‘ना’ म्हणजे ‘नाही लागत’. कागदाच्या हिशोबात ते ‘हो’ होतं. मी पान उलटून खूण खोडली. त्याआधी किती जणींच्या खुणा उलट्या लागल्या असतील, हे मात्र मला आता सांगता येणार नाही. त्या रात्री मलाच झोप आली नाही.

मराठीत अशा प्रश्नाला ‘हो, नाही लागत’ आणि ‘नाही, नाही लागत’ अशी दोन्ही उत्तरं चालतात, आणि दोन्हींचा अर्थ एकच. इंग्रजी कागदावर प्रश्न ‘झोप वाईट लागते का’ अशा वळणाचा आहे. आमच्या कागदावर तो ‘नाही का’ झाला. भाषांतर ऐकायला गोड झालं, पण खूण कुठे करायची हे विचारणारीवर सोडलं.

डिचोलीहून

ताई, तुमच्या या एका ‘ना’ने माझी अर्धी शंका फिटली. भाचीची प्रश्नावली मी याच नजरेने पुन्हा वाचली. ती ‘पीएचक्यू-९’ आहे, २००१ साली प्रसिद्ध झालेली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. उत्तराचे चार पर्याय, आणि त्यातला तिसरा तिच्या प्रतीत असा : ‘अर्ध्याहून अधिक दिवस’.

आता हे मराठी कानाने ऐका. आठवडा-आठवडे, महिना-महिने, पण दिवस मात्र एक असो की दहा, ‘दिवस’च. त्यामुळे ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ याचे दोन अर्थ होतात. दोन आठवड्यांतले निम्म्याहून जास्त दिवस, हा कागदाला अभिप्रेत असलेला. आणि दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ, हा दुसरा. आमच्या शेजारच्या काकूंना मी विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, “दुपारपर्यंत वाईट वाटत असतं, मग कामाला लागले की जातं. म्हणजे अर्धा दिवसच झाला की.” त्यांनी दुसरा अर्थ घेतला होता आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

मग मी भाचीला सुचवलं, सरळ ‘आठ दिवस किंवा जास्त’ लिही. ती हो म्हणाली आणि दोघींच्याही लक्षात आलं की हेही फसवं आहे. मराठीत ‘आठ दिवस’ म्हणजे आठवडा आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. आठ दिवसांनी ये, असं सांगितलं तर सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारी येतो. इथे तर सात आणि आठ यांमध्येच गुणाची सीमा आहे.

आणि ‘बेजार’. कुणीतरी ‘निराश’ऐवजी सोपा शब्द म्हणून तो घातला होता. पुण्याच्या मराठीत ‘मुलांनी बेजार केलं’ म्हणजे वैताग आणला, दमवलं. आपल्याकडे कोंकणी बोलणारी बाई ‘म्हाका बेजार दिसता’ म्हणते तेव्हा तिला वाईट वाटत असतं, मन खिन्न असतं. आपण गोव्यातले लोक घरात एक, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी अशा भाषांत वावरतो. मराठी कागद वाचतानाही कानात कोंकणी असते. आता पणजीच्या सरांना माझा प्रश्न : सगळ्यांनीच ‘बेजार’चा चुकीचा, पण एकच अर्थ घेतला तर?

पणजीहून

तर विश्वसनीयता उत्तम येईल. तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. सगळे एकाच बाजूला चुकले तर उत्तरं एकमेकांना धरूनच राहतात, पुन्हा विचारलं तरी तशीच येतात. अल्फाला हे दिसत नाही. गडबड दिसते ती अर्धे लोक एक अर्थ आणि अर्धे दुसरा अर्थ घेतात तेव्हा, आणि तेव्हाही कारण कळत नाही, नुसता आकडा खाली येतो.

वाळपईहून

इतकं असेल तर शब्दच बदलावा. ‘विश्वसनीयता’ काढून ‘सातत्य’ किंवा ‘एकवाक्यता’ ठेवावं. दोन्हींत खरेपणाचा आव नाही.

डिचोलीहून

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ‘सातत्य’ पुनर्चाचणीला बसतं, आतल्या जुळणीला बसत नाही. ‘एकवाक्यता’ दोन मुलाखतकारांना शोभते, एकट्या बाईच्या नऊ उत्तरांना नाही. ‘विश्वसनीयता’ पाठ्यपुस्तकांत इतकी वर्षं मुरली आहे की ती उपटून काढली तर विद्यार्थ्यांचाच गोंधळ होईल. माझं म्हणणं असं : शब्द राहू द्यावा, पण एकटा सोडू नये. पुन्हा विचारून पाहिली असेल तर ‘स्थैर्य’, आतली जुळणी पाहिली असेल तर ‘सुसंगती’, दोघींचं जुळलं असेल तर ‘एकमत’. तिन्ही मराठी, तिन्ही कळणारे. विश्वसनीयता हे त्यांचं कुलनाम.

पणजीहून

कुलनाम आवडलं. त्यात एक भर : आकडा कुणाचा, हेही लिहावं. विश्वसनीयता प्रश्नावलीच्या अंगात नसते, ती त्या त्या लोकांच्या उत्तरांत असते. एडिनबरोत जमलेला आकडा वाळपईत आयता वापरता येत नाही.

एडिनबरोचं नाव घेतलं ते उगाच नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची तिथली दहा प्रश्नांची मोजपट्टी १९८७ सालची. तिचं कोंकणी रूप गोव्यातल्या २७० मातांच्या अभ्यासात वापरलं गेलं, तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तिच्या मूळ इंग्रजीतलं एक वाक्य, सगळं झेपेनासं होणं या अर्थाचं, माझ्या एका विद्यार्थिनीने मराठीत ‘सगळं अंगावर येतं’ असं केलं होतं.

पेडण्याहून

बाळंतिणीला ‘अंगावर’ हा शब्द विचारूच नका! अंगावर पाजणं, अंगावरून जाणं, दुखणं अंगावर काढणं. ती दुधाचं सांगेल नाहीतर पांढरं जातं ते सांगेल. ‘सगळं झेपत नाही’ म्हणा, लगेच कळतं.

पणजीहून

हे कुठल्याच सूत्रात सापडलं नसतं, धन्यवाद. आता ‘चाळणी’ या शब्दाबद्दल, कारण खरी गफलत तिथे होते. २००८ साली ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’मध्ये गोव्यातलाच एक अभ्यास आला. पाच प्राथमिक आरोग्य सेवा केंद्रांत आलेल्या ५९८ लोकांवर मानसिक त्रासाच्या पाच प्रश्नावल्या ताडून पाहिल्या होत्या, बारा प्रश्नांची जीएचक्यू-१२ आणि ताईंची एसआरक्यू धरून. आतली सुसंगती पाचही जणींची चांगली होती. पण सविस्तर मुलाखतीशी ताडलं, तेव्हा प्रश्नावलीने ‘त्रास असावा’ म्हटलेल्यांपैकी खरोखर तसं निघालेल्यांचं प्रमाण प्रश्नावलीगणिक ५१ ते ७७ टक्के भरलं. म्हणजे चाळणीत अडकलेल्यांपैकी कुठे चौघांतल्या जवळपास एकाला, तर कुठे दोघांतल्या जवळपास एकाला तो आजार नव्हता. प्रश्नावल्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही, चाळणीचं काम एवढंच असतं. ‘छाननी’ म्हटलं की निवड झाली असं वाटतं, ‘तपासणी’ म्हटलं की निदान झालं असं वाटतं. ‘चाळणी’ मात्र सांगते, यानंतर हाताने निवडणं बाकी आहे. म्हणून मी तो शब्द सोडत नाही.

डिचोलीहून

हाताने निवडण्याचं म्हणालात म्हणून शेवटच्या, नवव्या प्रश्नाबद्दल लिहिते. मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हा तो प्रश्न. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका उठता-बसता ‘देवा, ने रे आता’ म्हणतात. तो बोलण्याचा भाग. पण त्यातलीच एखादी ते मनापासून म्हणत असेल तर? इथे अल्फा किती आणि एकूण गुण किती, हे बघत बसू नये. त्या ओळीवर शून्याखेरीज कुठलीही खूण असली, तर कागद बाजूला ठेवून तिच्याशी तिथेच बोलावं आणि डॉक्टरपर्यंत तिला आपण सोबतीने न्यावं. भाचीच्या मूळ आराखड्यात खुणा महिन्याच्या शेवटी संगणकात भरायच्या होत्या. त्यावरून आमचं बरंच बोलणं झालं. आता ती प्रत्येक कागदाची नववी ओळ त्याच जागी वाचते.

पेडण्याहून

दिवसांच्या पर्यायासाठी मी एक करते : भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून बाईच्या हातात देते. दोन आठवडे बोटाने दाखवते आणि कुठले कुठले दिवस तसे गेले, ते तिलाच दाखवायला सांगते. संकष्टी, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, नवरा घरी होता तो दिवस, असं धरून बायका नेमकं आठवतात.

पणजीहून

उत्तम. फक्त एक पथ्य : कॅलेंडर दाखवायचं तर सगळ्यांना दाखवायचं, आणि तसं प्रबंधात लिहायचं. अर्ध्यांना दाखवलं आणि अर्ध्यांना नाही, तर त्या दोन वेगळ्या प्रश्नावल्या झाल्या. शब्द बदलले तरी तेच, नव्या शब्दांनिशी आकडा पुन्हा काढायचा.

डिचोलीहून

भाचीला सगळं वाचून दाखवलं. ‘बेजार’ गेला, ‘नाही का’ गेले, कॅलेंडर आलं. तिच्या सरांनी पुन्हा उत्तरं गोळा करायला परवानगी दिली आहे. ती पुढच्या आठवड्यात सुरू करते, म्हणजे काम एक महिना लांबलं, पण तिची तक्रार नाही. ते वाक्य आम्ही दोघींनी मिळून असं केलं आहे, आकड्याची जागा अजून मोकळी आहे :

‘डिचोली तालुक्यातील मराठी व कोंकणी बोलणाऱ्या स्त्रियांच्या उत्तरांत, दिनदर्शिका दाखवून विचारले असता, या प्रश्नावलीची सुसंगती (अल्फा) ….. आढळली, स्थैर्य व एकमत तपासलेले नाही.’

‘तपासलेले नाही’ हे शब्द तिने स्वतः घातले.