मदत हवी आहे : व्यवसाय सातत्याच्या कामासाठी बीसीआय की डीआरआय? सहकारी बँकेतला अनुभव सदस्यत्वासाठी कसा मांडावा?

नमस्कार. मी सोलापुरातील एका नागरी सहकारी बँकेच्या ईडीपी (संगणक) विभागात अकरा वर्षे आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिचालन जोखमीविषयीच्या मार्गदर्शक टिपणात नागरी सहकारी बँकाही आल्या, आणि तेव्हापासून व्यवसाय सातत्याचे, म्हणजे संकटातही बँकेच्या सेवा चालू ठेवण्याच्या तयारीचे, काम अधिकृतपणे माझ्या टेबलावर आले. 'ते २२३०१ चे सर्टिफिकेट तुम्ही काढून टाका,' असे साहेब म्हणाले. आयएसओ २२३०१ या व्यवसाय सातत्याच्या मानकाचे प्रमाणपत्र संस्थेच्या व्यवस्थेला मिळते, माणसाला फार तर त्या मानकाचा लीड इम्प्लिमेंटर (अंमलबजावणी करणारा) किंवा लीड ऑडिटर (तपासणारा) होता येते, हे त्यांच्या गळी उतरवण्यात आठवडा गेला.

आता प्रश्न माझ्या स्वतःच्या सदस्यत्वाचा आहे. ब्रिटनमधील बीसीआय (बिझनेस कंटिन्युइटी इन्स्टिट्यूट, स्थापना १९९४) ही या क्षेत्रातील संस्था आधी सीबीसीआय ही प्रमाणपत्र परीक्षा घेते आणि पुढची श्रेणी अनुभव पाहून देते. अमेरिकेतील डीआरआय या तशाच संस्थेच्या (स्थापना १९८८) सीबीसीपी या प्रमाणपत्रासाठी परीक्षेबरोबरच दोन वर्षांहून अधिक अनुभव लागतो, आणि त्यांच्या दहापैकी पाच विषयांत आपण प्रत्यक्ष काय केले ते लिहून द्यावे लागते.

माझी अडचण इथेच आहे, कारण माझ्या नेमणूकपत्रात 'सातत्य' हा शब्दच नाही. काम मात्र केलेले आहे. कोणती सेवा किती वेळ बंद राहिली तर चालेल, हे मी प्रत्येक विभागात बसून विचारले. पहिल्या फेरीत सगळ्यांचे उत्तर 'एक मिनिटही नाही' असेच आले, आणि गेल्या वर्षीच्या बंद पडलेल्या दिवसांची नोंदवही समोर ठेवल्यावरच क्लिअरिंगचे तास आणि लॉकरचे तास वेगळे झाले. कागदावर 'वेगळ्या जागी' असलेला आमचा डीआर सर्व्हर (मुख्य सर्व्हर बंद पडल्यास वापरायचा पर्यायी) मुख्य कार्यालयाच्याच विजेच्या फीडरवर आहे, हे सरावाच्या दिवशी वायरमनने दाखवले, तेव्हा तो हलवण्याचा प्रस्तावही मीच संचालक मंडळापुढे मांडला.

हे सारे अनुभव म्हणून धरले जाते का, की पदनाम आडवे येते? पडताळणीसाठी आमच्या बाहेरच्या आयएस (माहिती प्रणाली) ऑडिटरचे नाव दिले तर चालेल का? वार्षिक वर्गणी मला पदरची भरायची आहे, म्हणून महाराष्ट्रात ज्यांनी यांपैकी एखादे सदस्यत्व घेतले आहे, त्यांनी अर्जात अनुभव कसा लिहिला तेवढे कळवावे. क्लासच्या जाहिराती कृपया नकोत.