बेटावर पॅड नेले, पण खरी अडचण गोड्या पाण्याची निघाली. आता काय करावे?

खाडीकाठची, दिवाळे (नवी मुंबई)

सर्वांना नमस्कार. मी दिवाळे कोळीवाड्यात राहते. आमच्या बचत गटातल्या आम्ही काही जणी गेल्या वर्षभरापासून रायगड जिल्ह्यातल्या एका लहान बेटावर, जिथे बहुतेक घरे कोळ्यांचीच आहेत, मासिक पाळी आणि बायकांच्या आरोग्याविषयी बोलायला जातो. बेटाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. वस्ती एवढी लहान आहे की नाव कळले तर कोणती गोष्ट कोणत्या घरातली हे ओळखायला वेळ लागणार नाही, आणि तिथल्या बायका आमच्याशी विश्वासाने बोलल्या आहेत.

पहिल्या खेपेला आम्ही जनऔषधी केंद्रात रुपयाला एक मिळणारे पॅड घेऊन गेलो होतो. तिसऱ्या खेपेला गेलो, तेव्हा निम्मी पाकिटे न फोडता ट्रंकेत ठेवलेली दिसली. मला आधी वाईट वाटले, पण कारणे ऐकल्यावर चूक आमचीच होती हे कळले. वापरलेला पॅड टाकायला तिथे जागा नाही. कचऱ्याची गाडी नाही. खाडीत टाकला तर पुढच्या भरतीला तो धक्क्यावर परत येतो आणि पुरुषांच्या जाळ्यात अडकतो, ही त्यांची सर्वांत मोठी भीती आहे. म्हणून बहुतेक जणी अजूनही जुन्या सुती साडीची घडीच घेतात. मात्र मार्च उलटला की विहिरीचे पाणी तळाला जाते, पिण्याचे पाणी होडीने आणावे लागते, आणि मग घडीचे कापड खाडीच्या पाण्यात धुतले जाते. मांड्या सोलवटणे, खाज आणि जळजळ यांच्या तक्रारी जवळपास प्रत्येकीने केल्या.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. अडतीस वर्षांच्या एका ताईंना अंगावरून पांढरे जाते आणि कंबर दुखते म्हणून किनाऱ्यावरच्या एका खासगी दवाखान्यात गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. ना सोनोग्राफी, ना रक्ताची तपासणी. त्या पैशांची जुळवाजुळव करत आहेत. या दोन्ही बाबतींत जाणकारांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

निवृत्त परिचारिका, ठाणे

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे. त्या ताईंना पैसे भरण्यापासून थांबवा आणि जिल्हा रुग्णालयात किंवा कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दुसरे मत घ्यायला सोबत घेऊन जा. पांढरे जाणे हा स्वतः एक आजार नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत बिनवासाचा, पातळ, पांढरट स्राव येणे हे शरीराचे नेहमीचे काम आहे. दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असेल तर वेगळा संसर्ग असतो आणि त्यातल्या काहींमध्ये नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. हे सगळे गोळ्यांनी बरे होणारे आहे. कंबरदुखीचे कारण तर अनेकदा पिशवीत नसून डोक्यावरच्या पाटीत आणि तासन्‌तास वाकून मासे निवडण्यात असते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या अशाच कारणांनी काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. चाळिशीच्या आत पिशवी काढली आणि बीजांडकोशही काढले, तर पाळी एकदम जाते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. ज्या बाईला पुढची वीस वर्षे ओझे उचलायचे आहे, तिच्यासाठी ही किंमत फार मोठी आहे. अर्थात संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे किंवा अंग बाहेर येणे (गर्भपिशवी खाली सरकणे) ही लक्षणे असतील तर उशीर करू नका. तिशीनंतरच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची ही पद्धत साधी असून तिला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे ती बेटावर जाऊनही करता येते.

आता कापडाविषयी. खाऱ्या पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे साबणाला फेस येत नाही, त्याचा चोथा होऊन तो धाग्यांत बसतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे कापडात मीठ राहते, आणि हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. म्हणजे खाडीच्या पाण्यात धुतलेली घडी दुपारी वाळल्यासारखी वाटली तरी संध्याकाळी पुन्हा दमट होते. त्या दमट, कडक कापडाने कातडी सोलवटते आणि बुरशीला जागा मिळते. बायका अस्वच्छ आहेत म्हणून हे होत नाही, हे त्यांना मोठ्याने आणि पुन्हापुन्हा सांगा. पाणी कमीच असेल तर पहिले धुणे खाऱ्या पाण्यात, पण गार पाण्यात करावे, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. शेवटचे दोन खंगाळ मात्र गोड्या पाण्याचेच हवेत. नंतर थेट उन्हात वाळवावे, आणि ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. योनीच्या आतल्या भागाला साबण किंवा जंतुनाशक लावू नये, त्याने तिथली नैसर्गिक आम्लता बिघडते आणि खाज उलट वाढते.

ज्यांची तयारी असेल त्यांच्यासाठी मासिक पाळीचा कप बेटावर सर्वांत सोयीचा ठरू शकेल. २०१९ साली ४३ अभ्यासांचा आणि सुमारे ३,३०० जणींच्या अनुभवांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात कप सुरक्षित असल्याचे दिसले. एक कप काही वर्षे टिकतो, त्याचा कचरा जवळपास होत नाही आणि पाळी संपल्यावर तो पाच-दहा मिनिटे उकळायला तांब्याभर पाणी पुरते. ज्यांना तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) बसवली आहे किंवा ज्यांचे अंग बाहेर येते, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अविवाहित मुलींच्या बाबतीत आयांची भीती तुम्हाला ऐकावी लागेल, म्हणून सुरुवात मुलींपासून नको, मुले झालेल्या बायकांपासून करा.

सारसोळ्याची सून

माझे माहेरही एका बेटावरचेच, त्यामुळे थोडे लिहिण्याचा हक्क आहे असे समजते. सिस्टरताईंनी थेट उन्हात वाळवायला सांगितले ते अगदी बरोबर आहे, पण ऊन कुठे आहे हे तुम्ही पाहिले आहे का? आमच्या बेटावर सगळ्यात जास्त ऊन बोंबील सुकवायच्या वलांड्यांवर आणि जवळ्याच्या खळ्यावर असते, आणि तिथे दिवसभर पुरुषांचा वावर असतो. माझी आई घडी घरात, ओल्या परकराच्या आत दडवून वाळत घालायची. पाळीच्या दिवसांत सुकत्या मासळीला हात लावायचा नाही, असा आमच्या घरात नियम होता, म्हणजे ज्या दिवसांत ऊन सर्वांत जास्त हवे, त्याच दिवसांत उन्हाच्या जागेकडे जाता येत नसे.

तुमच्या गटाकडे थोडे पैसे असतील तर पॅडच्या आधी बायकांच्या नहाणीमागे उंच कुडाचे, वरून उघडे असे वाळवण्याचे आवार करून द्या, आणि त्याच नहाणीच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी धरायला एक झाकणाची टाकी ठेवा. त्या टाकीचे पाणी फक्त या कामाला, हे ठरवायला बायकांची बैठक घ्या, आणि सासवांना पहिल्या रांगेत बसवा. आमच्याकडे सासू हो म्हणाली की अर्धे काम होते.

अजून एक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घरात रोख पैसा नसतो, समुद्र खवळलेला असतो, होडी सुटेलच असे नाही आणि कापडही वाळत नाही. जे काही द्यायचे ते मे महिन्यात पोहोचले पाहिजे. आणि सामान बाईच्या हातून बाईच्या हातात जावे. धक्क्यावर तांडेलाच्या (होडीच्या प्रमुखाच्या) ताब्यात दिलेले खोके कोणीही उघडणार नाही. तुमची पाकिटे ट्रंकेत का पडून राहिली, त्याचे हेही एक कारण असू शकते.

घनकचरा विभागातला अभियंता, घणसोली

कचऱ्याबद्दल लिहितो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे वापरलेला पॅड उत्पादकाने दिलेल्या पाकिटात किंवा कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यासोबत द्यायचा असे; २०२६ च्या नव्या नियमांत तो गुंडाळून वेगळा द्यायचा आहे. पण जिथे कचरा उचलायला कोणी येतच नाही, तिथे हा नियम कागदावर राहतो. अशा वेळी छोटे विजेवरचे भस्मक यंत्र बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅडमध्ये प्लास्टिकचा थर आणि पाणी शोषणारी रसायने असतात. ती नीट जळायला सुमारे ८०० अंश तापमान आणि धुरावर नियंत्रण लागते. वस्तीच्या मधोमध कमी तापमानाला जाळले तर विषारी धूर घराघरांत जातो, आणि बेटावर यंत्र बिघडल्यास दुरुस्तीला कोणी फिरकत नाही. चुलीत जाळणे तर त्याहून वाईट.

झाकणाचा एक पिंप नहाणीत ठेवावा, पॅड कागदात गुंडाळून त्यात टाकावेत आणि पंधरा दिवसांनी तोंड बांधलेली गोणी परतीच्या होडीने किनाऱ्यावरच्या कचरा संकलनात द्यावी. त्यासाठी तिथल्या ग्रामपंचायतीचे पत्र आधी घ्या, नाहीतर धक्क्यावर गोणी अडवली जाईल. खड्ड्यात पुरणे हा शेवटचा उपाय आहे, आणि तो फक्त सुती कापडासाठी, उधाणाच्या पाण्याच्या रेषेच्या वर आणि विहिरीपासून बरेच दूर.

खाडीकाठची, दिवाळे

तिघांचेही मनापासून आभार. त्या ताईंना घेऊन आम्ही सोमवारी सरकारी रुग्णालयात जात आहोत, त्यांचे पती तयार झाले आहेत. वाळवण्याच्या आवाराची गोष्ट आम्हाला इतके दिवस सुचली नाही याची खंत वाटते. सिस्टरताई, एक राहिले. गरोदर बायकांची मोफत तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते, पण बेटावरच्या बायका तिथे जवळपास कधीच पोहोचत नाहीत. आणि बऱ्याच जणी फिकट दिसतात.

निवृत्त परिचारिका, ठाणे

९ तारीख कॅलेंडरवर ठरते आणि होडी भरतीवर सुटते, म्हणून ते जमत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास दुपारी बाराच्या आसपास भरती असते, तर अष्टमीच्या आसपास त्याच वेळी ओहोटी लागलेली असते आणि होडी चिखलात बसते. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तिथीप्रमाणे वर्षाचे वेळापत्रक लिहून द्या. अमावास्येच्या एक-दोन दिवस आधी किंवा नंतर केंद्रातल्या सिस्टरनीच साडेदहाच्या होडीने बेटावर यावे आणि तीनच्या आत परतावे. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर २००५ पासून बोटीतले दवाखाने असेच वस्तीपर्यंत जातात, त्यामुळे ही मागणी जगावेगळी नाही.

फिकटपणाचे म्हणाल, तर २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन मोजण्याचे छोटे यंत्र सिस्टरना सोबत आणायला सांगा. गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि इतर बाईचे १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू होतील. त्या चहासोबत घेऊ नयेत. सात दिवसांहून जास्त पाळी चालते का आणि तासा-दोन तासांत घडी भिजते का, हेही विचारा. अशा बाईला तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. तिला तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनची किंवा छाया या गर्भनिरोधक गोळीची माहिती द्या, आणि निवड तिची तिला करू द्या.

ज्यांचे दिवस जून ते सप्टेंबरमध्ये भरणार आहेत, त्यांची यादी मात्र आजच करा. दिवाळे, सारसोळे, करंजा, जिथे जिचे नातेवाईक असतील तिथे तिला तारखेच्या दोन आठवडे आधी आणून ठेवा, आणि त्या घराजवळच्या प्रसूतिगृहात तिचे नाव आधीच नोंदवून घ्या.