कुत्रा, दोरी आणि बढाईखोर कोंबडा: अ‍ॅनिमेशनमधला हा विनोद हसू का आणत नाही?

कार्टून_ठेला (नागपूर)

तान्ह्या पोळ्याला कॉलनीतल्या पोट्ट्यांसाठी दीड मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म दाखवायची आहे. अभ्यासाला समोर ठेवली आहे १९४६ ची ‘वॉकी टॉकी हॉकी’: दिग्दर्शक रॉबर्ट मॅककिम्सन, फॉगहॉर्न लेगहॉर्न या कोंबड्याची पहिली फिल्म. पात्रं मात्र आमची स्वतःची: गावठी कोंबडा, खुंट्याला बांधलेला कुत्रा आणि कोंबडा म्हणजे काय हेच ठाऊक नसलेलं शिकऱ्याचं (छोट्या शिकारी पक्ष्याचं) पिल्लू. ओपनटून्झ या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला २४ फ्रेम, चित्रं दोन-दोन फ्रेमवर, म्हणजे एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं.

मुख्य गॅग, म्हणजे हसवणारा प्रसंग, असा: कोंबडा झोपलेल्या कुत्र्याला फळी हाणतो, कुत्रा चवताळून धावतो, दोरी संपते, कुत्रा आपटतो. अ‍ॅनिमॅटिक (कच्च्या चित्रांची चाचणी-फिल्म) पाहून कोणी हसत नाही. सध्या पाच शॉट आहेत: फळी, कुत्र्याचा चेहरा, धावणारे पाय, ताणलेल्या दोरीचा क्लोजअप, पडलेला कुत्रा. एकूण साडेचार सेकंद. फ्रेम कुठे कमी-जास्त करू? कोंबडा नागपुरी बोलतो, पण त्याची वाक्यं लांबतात, त्याचं काय करू? आणि ढोलकी-डफडं कुठे वाजवू, कुठे थांबवू?

एक्सशीट_२४

फ्रेमचं नंतर बघू, आधी शॉट. हा विनोद दोरीच्या लांबीचा आहे. दोरी कुठे संपते हे कोंबड्याला ठाऊक, प्रेक्षकाला ठाऊक, फक्त कुत्रा संतापाच्या भरात विसरतो. तुम्ही दोरी दाखवताय ती ताणल्यावर. मग प्रेक्षकाला ती समजते तेव्हा कुत्रा पडलेलाच असतो. वाट बघायला काही उरतच नाही.

पाचही शॉट काढून टाका, एकच ठेवा. कॅमेरा बाजूने, जमिनीला धरून. डावीकडे खुंटा आणि कुत्रा, दोरीची वेटोळी मातीवर पसरलेली. दोरी जिथे संपते तिथे मातीत घासून घासून पडलेली अर्धगोल रेघ. हे रोजचंच आहे, हे त्या रेघेनंच सांगून होतं. कोंबडा रेघेच्या बोटभर पलीकडे, हातात लांब फळी. ही मांडणी ३६ फ्रेम दिसू द्या, त्या वेळात दुसरं काही हलवू नका.

आता वाटप. फळी मागे न्यायला १० फ्रेम, वर थबकायला ६, खाली यायला फक्त २. फळी टेकतानाचं चित्र काढूच नका. वरच्या फळीवरून थेट चपट्या झालेल्या कुत्र्यावर या. तिथे १० फ्रेम थांबा. कुत्र्याचे डोळे उघडतात, बाकी काही नाही. मग धावण्याआधी मागे दबणं ६ फ्रेम. धाव २० फ्रेम, ८ फ्रेमच्या सायकलच्या (त्याच त्या चित्रांच्या आवर्तनाच्या) अडीच फेऱ्या, आणि हा भाग एक-एक फ्रेमवर काढा, कारण दोन-दोनवर इतकी वेगवान धाव नुसती थरथरते. दोरी संपली की डोकं १ फ्रेममध्ये जागच्या जागी, धड मात्र आणखी ३ फ्रेम पुढे जातं आणि मागचे पाय डोक्याच्याही पुढे निघतात. तशा ताणलेल्या अवस्थेत ४ फ्रेम, आपटायला ३. मग १४ फ्रेम शांतता, आणि त्यानंतरच कोंबडा तोंड उघडतो.

बेरीज ११५ फ्रेम. तुमचे १०८ आहेत. म्हणजे वेळ कमी पडत नव्हता, तो चुकीच्या जागी खर्च होत होता.

तीन ठिकाणी हमखास बिघडतं. पहिलं आणि सर्वात वाईट: ओपनटून्झमध्ये दोन कीफ्रेममधली (हालचालीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठरवलेल्या फ्रेममधली) हालचाल शेवटाकडे आपोआप मंदावत असेल तर फंक्शन एडिटरमध्ये ती लिनिअर, म्हणजे एकाच वेगाची, करा. नाहीतर कुत्रा दोरी संपण्याच्या आधीच वेग कमी करतो. त्याला शेवट ठाऊक आहे असं दिसलं की गॅग संपला. दुसरं, ताणलेल्या चित्रात अंग जेवढं लांबेल तेवढं बारीक करा. जाडी तशीच राहिली तर कुत्रा ताणलेला नाही, मोठा झालेला दिसतो. तिसरं, १४ फ्रेमची शांतता म्हणजे एकच गोठलेलं चित्र नव्हे. डिजिटलमध्ये ते फिल्म अडकल्यासारखं दिसतं. अगदी थोडा फरक असलेली दोन चित्रं घ्या आणि एक कान सावकाश खाली येऊ द्या.

पानठेला_विद्यापीठ

कोंबड्याच्या बोलण्याबद्दल. फॉगहॉर्नची ढब रेडिओवरून आली. फ्रेड अ‍ॅलनच्या कार्यक्रमात केनी डेलमार सिनेटर क्लॅगहॉर्न नावाचा अमेरिकेच्या दक्षिणेतला फुगीर पुढारी करायचा, त्याची छाप या कोंबड्यावर आहे. आवाज मेल ब्लँकचा. तो अर्धं वाक्य म्हणतो, तेच पुन्हा म्हणतो, समोरचा लक्ष देत नाही म्हणून त्यालाच दटावतो, आणि मध्येच प्रेक्षकांकडे वळून त्याच्या अकलेबद्दल शेरा मारतो. विनोद शब्दांत कमी, बोलणाऱ्याच्या खात्रीत जास्त. ज्या क्षणी तो सर्वात चुकलेला असतो, त्याच क्षणी तो समजावून सांगत असतो. आपल्याकडे हा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. पानवाला चुना लावेपर्यंत सरकार पाडून नवं बसवणारा भाऊ प्रत्येक ठेल्यावर उभा असतो.

वाक्यं लांबतात, कारण तुम्ही ती पूर्ण करताय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, याचा फायदा घ्या. ‘आयक बे पोट्ट्या, मी म्हन्तो आयक, या कुत्र्याले ना...’ इथे फळी पडते, कुत्रा धावतो, आपटतो, १४ फ्रेम जातात आणि मग शांतपणे, ‘अक्कलच नाई.’ सुरुवातीचा तुकडा बोलताना १५ अक्षरांचा होतो (‘आयक’ची उच्चारात दोनच). मुलांना स्पष्ट कळेल असा वेग सेकंदाला पाच-सहा अक्षरं, म्हणजे अडीच ते तीन सेकंद. मांडणीचे ते ३६ फ्रेम आणि फळी उगारणं याच बोलण्याखाली सरकवा. बोलणं थोडं आधी सुरू होईल, होऊ द्या.

दोन गोष्टी पाळा. आधी आवाज रेकॉर्ड करा, मग तोंड काढा. चित्रावर नंतर आवाज चढवला की ‘काहून बे’ सारखं झटकन येणारं वाक्य ओठांच्या मागे फरफटत येतं. आणि कोंबडा प्रेक्षकांशी बोलतो तेव्हा फक्त मान वळवा, ६ ते ८ फ्रेममध्ये, अंग पात्राकडेच राहू द्या. खडी गंमत किंवा झाडीपट्टीचं नाटक, ही आपली विदर्भाची लोकनाट्यं, पाहिलेल्याला हे सांगायला नको. अख्खं अंग वळलं की ते भाषण होतं, नुसती मान वळली की ती चुगली होते.

नागपुरी आहे म्हणून आवाजही चिरका काढू नका. बोली हा विनोद नाही. कोंबड्यानं ती पूर्ण गांभीर्यानं बोलायची. शिकऱ्याचं पिल्लू मात्र अदबीनं: ‘भाऊ, कोंबडा कोठी भेटन?’ हे कोंबड्यालाच विचारायचं, आणि त्यानं कुत्र्याकडे बोट करायचं.

डफडं_आणि_टिक

वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओच्या या फिल्मांचं संगीत कार्ल स्टॉलिंगचं. त्या काळी ठेका थेट फ्रेममध्ये मोजत, वादकांच्या कानात टिकटिक वाजत असे. हिशेब सोपा आहे: १४४० भागिले एका ठेक्याचे फ्रेम, म्हणजे मिनिटाला किती ठेके. १२ फ्रेमचा ठेका १२० ची लय, ८ फ्रेमचा १८० ची.

कोंबड्याची ऐटदार चाल १२ फ्रेमला एक पाऊल अशी ठेवा, खाली ढोलकी १२० वर. कुत्र्याची धाव ८ फ्रेमची सायकल आहेच, तिथे डफडं १८० वर. फळी पडते तिथे लय बदलते. दोरी ताणली की सगळं बंद. शेपूट म्हणून घुमणारा आवाजही कापा. १४ फ्रेममध्ये काहीही वाजत राहिलं तर मुलांना वाटतं अजून काही व्हायचंय, आणि ती हसण्याऐवजी वाट पाहतात.

ढोलकीवाला चांगला असेल तर जास्तच जपा, कारण रंगात आला की लय चढवणार. १२० ची १२३ झाली तरी १६ ठेक्यांत जवळपास ५ फ्रेम सरकतात, म्हणजे पाऊल एकीकडे आणि थाप दुसरीकडे. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये १२० चा क्लिक ट्रॅक (नुसती टिकटिक) बनवून त्याच्या एका कानात द्या.

फॉगहॉर्न गुणगुणतो ते ‘कॅम्पटाउन रेसेस’, स्टीफन फॉस्टरचं १८५० चं गाणं. तुम्ही ते घेऊ नका. पोळ्याची फिल्म आहे, पोळ्यात म्हणतात ती झडती घ्या. कोंबडा ऐटीत पहिली ओळ म्हणतो, शेवटच्या ‘हर हर महादेव’च्या जागी फळीचा आवाज. पोट्टे आपोआप ती जागा भरतील.

रानपाखरू

शिकऱ्याबद्दल थोडं. खरा शिकरा २६ ते ३० सेंटिमीटरचा, कोंबड्यापुढे चिमणाच. मोठ्या पक्ष्याची पाठ राखाडी आणि छातीवर आडव्या तांबूस पट्ट्या असतात. पिल्लाची पाठ तपकिरी, छातीवर उभे ठिपके-रेघा, डोळा पिवळा. तुम्ही पिल्लू म्हणून मोठ्याचे आडवे पट्टे काढले असतील तर बदला, विदर्भातल्या मुलांना पाखरं दिसतात. कोंबड्याच्या गुडघ्यापर्यंतच ठेवा, म्हणजे ते वर बघून बोलेल आणि त्याचा आव मोठा वाटेल.

कुत्र्याच्या गळ्याला झटका लहान मुलांना दाखवू नये असं मला वाटतं. छातीचा पट्टा द्या.

एक्सशीट_२४

छातीचा पट्टा दिला तर डोकं थांबणार नाही, छाती थांबेल. मग पाय पुढे निघण्याची पोज चुकेल. त्याऐवजी चारही पाय एकदम समोर पसरतात आणि कुत्रा पोटावर आपटतो अशी पोज घ्या. ताणाचे ४ फ्रेम ६ करा, कारण छायाकृती (पोजची बाह्यरेषा) कमी स्पष्ट आहे. चालेल, पण गळ्याइतकं हसू येणार नाही. तुमचे प्रेक्षक पाच-सहा वर्षांचे असतील तर पट्टाच बरा.

कार्टून_ठेला

एका शॉटमध्ये करून पाहिलं, फरक लगेच दिसतो. गॅग तीनदा घेणार आहे. तिन्ही वेळा ११५ फ्रेमच का? आणि दाखवायचं आहे मोकळ्या मैदानात, मोबाईलवरून प्रोजेक्टर, आवाज ब्लूटूथ स्पीकरवर.

एक्सशीट_२४

नाही. दुसऱ्यांदा मांडणी पूर्ण वगळा आणि शांतता ८ फ्रेमवर आणा. नियम कळलेला आहे, पुन्हा समजावलं तर मुलं पुढे निघून जातात. तिसऱ्यांदा मांडणी उलट वाढवा, ७२ फ्रेमसुद्धा चालतील. कोंबडा रेघेपलीकडे उभा राहून भाषण करतोय, आणि मागे शिकऱ्याचं पिल्लू खुंट्याची गाठ सोडतंय, तोंडानं, सावकाश. प्रेक्षकाला दिसतं, कोंबड्याला नाही. मग कुत्रा धावतो आणि रेघ ओलांडतो. इथे आपटणं नाही, शांतता नाही, फक्त कोंबड्याची मान प्रेक्षकांकडे वळते. त्यापुढची धुलाई पडद्याबाहेर घ्या, धूळ आणि पिसं पुरेत. दीड मिनिटात एकूण २१६० फ्रेम आहेत, ते मारामारी काढण्यात घालवू नका. पिल्लाला शेवटपर्यंत कोंबडा कोण हे कळू देऊ नका.

डफडं_आणि_टिक

ब्लूटूथ अजिबात नको. आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद मागे येतो, म्हणजे ४ ते ६ फ्रेम. फळी २ फ्रेममध्ये खाली येते आणि तिचा आवाज कुत्र्यानं डोळे उघडताना ऐकू येईल. फोन व्हिडिओ दाखवताना हा उशीर भरून काढतो म्हणतात, पण प्रोजेक्टर मध्ये आला की भरवसा नाही. तार जोडा. मैदानात १५ मीटरवर बसलेल्याला आवाज हवेतूनच सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा, एक फ्रेम मागे पोचतो. त्याचं काही बिघडत नाही, चित्र थोडं पुढे असलेलं चालतं. आवाज चित्राच्या आधी आला तर मात्र लगेच खटकतं, म्हणून एडिटमध्ये ऑडिओ चित्राच्या आधी सरकवून भरपाई करू नका.

फाइल २४ फ्रेमवरच एक्सपोर्ट करा. मोबाईलच्या एडिटरनं ३० केली की दर चौथी फ्रेम दोनदा दिसते आणि ते दोन फ्रेमचं फळी पडणं कधी दोन, कधी तीन होतं. स्पीकरला ऑक्सची साडेतीन मिलिमीटरची तार लागते. फोनला ते भोक नसेल तर प्रोजेक्टरच्या ऑडिओ आउटमधून काढा, आणि आदल्या दिवशी अंधार पडल्यावर एकदा त्याच जागी चालवून बघा.