धाकट्या भावंडाचं चॅटिंग आणि घरचा कॉम्प्युटर : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती

धाकट्याच्या चॅटिंगला आवर घालायचं काम बऱ्याच घरांत थोरल्या भावंडावर येतं. "तुला त्यातलं कळतं ना, तूच बघ काहीतरी." म्हणजे जबाबदारी आपली, पण ओरडायचा हक्क आईबाबांचा. माझा भाऊ आठवीत आहे. अभ्यासाच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब आणि डिस्कॉर्ड (गटागटाने गप्पा मारायचं ॲप) कायम उघडं. उपाय सुचवाच, पण ते केल्यावर घरात काय झालं तेही लिहा. उपदेश कृपया नको, तो घरी भरपूर मिळतो.

थोरला

आमची गोष्ट याहू मेसेंजरच्या काळातली. बहिणीचं दहावीचं वर्ष, घरात एकच कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी. बाबांनी फर्मान काढलं आणि अंमलबजावणी माझ्या गळ्यात. मी आधी मोडेमच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेंजरचं 5050 पोर्ट, म्हणजे नेटला जोडायची त्याची वाट, बंद केलं. मेसेंजर मुकाट्याने 80 वरून जोडला गेला, आणि ते बंद करायचं तर वेबसाइट्सही बंद. मग प्रोग्रामच काढून टाकला, तर ती मीबोवर गेली. 2005 साली आलेलं ते प्रकरण ब्राउझरमध्येच चालायचं, इन्स्टॉल काही करावंच लागत नसे. मग होस्ट्स फाइल (कुठल्या साइटसाठी कुठल्या पत्त्यावर जायचं ते सांगणारी कॉम्प्युटरमधली यादी) उघडून मीबोच्या नावाला 127.0.0.1, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता, दिला आणि तिला मर्यादित हक्कांचं वेगळं अकाउंट दिलं. आता जिंकलो म्हणून निवांत झालो.

एक्सपी होम सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मोजक्याच गोष्टी चालू ठेवून) सुरू केलं की ॲडमिनिस्ट्रेटरचं अकाउंट दिसतं, आणि आपण मुद्दाम घातला नसेल तर त्याला पासवर्डच नसतो. हे तिला कोणी शिकवलं? चॅटवरच्याच मैत्रिणीने.

मधली

मी दुसऱ्या बाजूची. दादा स्वतः रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायचा, त्यामुळे नियम फक्त मलाच का, हा प्रश्न होताच. पण खरं बिनसलं ते वेगळ्या कारणाने. मेसेंजर जुन्या गप्पा कॉम्प्युटरवर साठवून ठेवायचा आणि दादाने त्या वाचल्या. वर सगळ्यांसमोर त्यातलं एक वाक्य म्हणून दाखवलं. तासाची मर्यादा मी सोसली असती. त्यानंतर मी घरी चॅट करणंच सोडलं आणि मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर करू लागले. तिच्याकडे दिवसभर कोणीच मोठं माणूस नसायचं. दादाच्या मते मात्र उपाय यशस्वी!

ताई

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, स्क्रीन दाराकडे. भाऊ ऑल्ट-टॅब दाबून झटकन दुसरी विंडो समोर आणण्यात पटाईत झाला, बाकी काही नाही.

नेटवर्कवाला

हल्लीच्या विंडोजवर भावाला साधं अकाउंट द्या आणि मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीत ते मुलाचं म्हणून जोडा. ॲप किती वेळ चालेल ते ठरवता येतं. साइट अडवणारा फिल्टर मात्र एज ब्राउझरपुरताच चालतो. राउटरवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून अडवलं तर मुलं फोनचा हॉटस्पॉट लावतात, सरळ हिशेब आहे.

व्हॉट्सॲपचं खास सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. रात्री फोन काढून घेतला म्हणजे लॅपटॉपवरचं बंद होत नाही. पूर्वी फोन नेटला जोडलेला लागायचा, आता नाही. फोन सलग 14 दिवस वापरला नाही, तरच जोडलेली उपकरणं आपोआप लॉगआउट होतात. त्यामुळे फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॅपटॉप काढा. पुन्हा जोडायला फोन हातात लागतो.

आणि शाळेचा ग्रुप व्हॉट्सॲपवर असेल तर सरसकट बंदी टिकत नाही. गृहपाठाच्या नावाखाली आठवडाभरात परत सुरू होतं.

दोघींतली मोठी

आमच्याकडे पासवर्ड आईकडे, मी हट्टाने घेतलाच नाही. वेळ संपली की बहीण आईशी भांडते, माझ्याशी नाही. याचा उपयोग असा झाला की डिस्कॉर्डवर एका अनोळखी माणसाने तिच्याकडे फोटो मागितला, तेव्हा ती रडवेली होऊन माझ्या खोलीत आली. आम्ही त्याला ब्लॉक केलं, तक्रार नोंदवली, आणि सर्व्हरवरच्या (डिस्कॉर्डवरच्या गटातल्या) कोणालाही थेट मेसेज करता येतो ती सेटिंग बंद केली. आईला सांगायचं हेही तिनेच ठरवलं, मी फक्त शेजारी बसले. पासवर्ड माझ्याकडे असता तर ती आली असती का, मला शंका आहे.

धागाकर्ती

नेटवर्कवाले, भावाला समोर बसवून 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहिलं. अभ्यासाच्या लॅपटॉपशिवाय आणखी एक ब्राउझर निघाला. तो बाबांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरचा! बाबांना पत्ताच नव्हता. दोन्ही काढले. आता ऑफिसच्या लॅपटॉपचा पासवर्ड भावाला कसा कळला, यावर बाबांची चौकशी सुरू आहे.