फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर तब्येत ठीक असतानाही अँटीबॉडी तपासत राहावं का?

सागरतीर, देवगड:
माझं मत: तपासावं. वडिलांचं प्रत्यारोपण झालंय, सध्या ते बरे आहेत. गावात जो तो विचारतो, त्रास नाही तर रक्त मुंबईला कशाला धाडता? पण दात्याच्या एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या ज्या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं त्यांच्याविरुद्ध) अँटीबॉडी (डीएसए) तयार होतात तेव्हा पेशंटला बहुधा काही जाणवत नाही. बऱ्याच जणांत त्या पहिल्या वर्षातच दिसतात, डीक्यू या एचएलए प्रकाराविरुद्धच्या जास्त. त्यांच्यामुळे क्लॅडचा, म्हणजे जुनाट रिजेक्शनचा (शरीराने नवं फुफ्फुस हळूहळू नाकारण्याचा), धोका वाढतो. त्यात गेलेली फुफ्फुसाची ताकद सहसा परत येत नाही. मग धाप लागेपर्यंत थांबायचं?

कातळसडा, राजापूर:
दादा, नाही पटलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पुढे काय? प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या तयार अँटीबॉडी), रिटुक्सिमॅब (ज्यांच्यापासून अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या बी पेशी कमी करणारं औषध). श्वास चांगला असलेल्याला हे दिल्याने क्लॅड टळतो, असं ठाम सिद्ध झालेलं नाही. खर्च मोठा, वर इन्फेक्शनची भीती. एमएफआयचा, म्हणजे अँटीबॉडी साधारण किती आहे ते दाखवणारा, आकडाही लॅबगणिक बदलतो. माझ्या बहिणीचा थोडा वर आला, घरात कोणाला झोप नाही. पुढच्या वेळी अँटीबॉडी सापडलीच नाही.

त्यापेक्षा घरी स्पायरोमीटर घ्या. आई सकाळी तिला तीनदा जोरात फुंकायला लावते. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा (एफईव्ही-१) तीच मोजते, आणि सगळ्यात मोठा आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहिते. क्लॅडचं निदानही यावरच ठरतं: प्रत्यारोपणानंतरच्या सर्वोत्तम दोन आकड्यांच्या सरासरीपेक्षा २० टक्के किंवा जास्त घट, टिकून राहिलेली, आणि दुसरं कारण नाही. दहा टक्के उतरला तरी आम्ही डॉक्टरांना फोन लावतो.

सागरतीर, देवगड:
ताई, २० टक्के उतरेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं, म्हणून तर म्हणतोय. पॉझिटिव्ह म्हणजे लगेच रिटुक्सिमॅब नव्हे. आधी टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी बघतात, गोळ्या चुकल्या का विचारतात. पातळी कमी पडली तर अँटीबॉडी उठण्याची शक्यता वाढते. पावसात घाट बंद पडला, कुरियर अडकलं की आपल्याकडे गोळ्यांची वेळ चुकतेच.

लॅबवाली, चिपळूण:
नमुना दरवेळी एकाच लॅबला द्या. दोन लॅबचे आकडे ताडून बघण्यात अर्थ नाही.

कातळसडा, राजापूर:
टॅक्रोलिमसची पातळी तशीही वेळोवेळी बघतातच, त्यासाठी अँटीबॉडी कशाला? पहिल्या वर्षी तपासा, मान्य. पुढे एफईव्ही-१ उतरला किंवा गोळ्या चुकल्या तरच. तेवढ्या पैशात जादा गोळ्या घरात आणून ठेवा, पावसाआधी.