मदत हवी आहे : बोअर गेज ओके दाखवतोय, पण गो प्लग आत जात नाही

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमचं छोटं जॉबवर्क युनिट आहे. दोन टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ), दोन्हींवर फानुक कंट्रोल. प्रोग्रामिंग आणि सेटिंग मीच करतो. चार दिवस एका बुशपायी झोप नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जॉब ईएन-८ स्टीलचा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं. ओडी (बाहेरचा व्यास) ७२ मिमी, बोअर (आतलं भोक) ६२ एच-७ टॉलरन्सचा, लांबी ४५. म्हणजे बोअरला ६२.००० ते ६२.०३० एवढीच जागा. ओडी आधीच्या ऑपरेशनला फिनिश होऊन येतो. जॉब धरायला २०० मिमीचा हायड्रॉलिक चक, त्याला सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला बोअर करता येणारे मऊ जबडे), प्रेशर १८ किलो. जी-७१ ने रफिंग, फिनिशसाठी यू-०.४ मायनसमध्ये ठेवून, मग जी-७० ने फिनिश. फिनिशला ०.४ नोजचा इन्सर्ट, फीड ०.०८, जी-९६ ला (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) मिनिटाला १८० मीटर.

डायल बोअर गेज चारही दिशांना फिरवून बघतो. ६२.०१२, ६२.०१३. पुढे-मागे टेपर दोन मायक्रॉनच्या (०.००२ मिमी) आत. जॉब काढून, गार करून पुन्हा मोजला तरी तेच. आणि ६२.००० चा गो प्लग (किमान मापाचा गेज, जो आत जायलाच हवा) तोंडावरच अडतो! जोर लावला तर अडकून बसतो. ग्राहकाने ६० नगांचा लॉट परत पाठवला.

आधी प्लगवर संशय घेतला, तो तपासून आणला, बरोबर निघाला. इन्सर्ट बदलला, शेवटचा कट दोनदा फिरवला, बोअरिंग बारचा ओव्हरहँग (बाहेर निघालेली लांबी) कमी केला. फरक शून्य. टूल ऑफसेट बदलून बोअर ६२.०२४ पर्यंत नेला की प्लग जातो, पण मग वर सहाच मायक्रॉन उरतात. त्यावर रात्रपाळी सोडायची माझी तयारी नाही. मोजमाप बरोबर आणि प्लगही बरोबर, तर चुकतंय काय?

प्रतिसाद

भाऊ, मोजमाप चुकत नाहीये, पण तुमच्या गेजला हा दोष दिसतच नाही. बोअर तिकोनी झालाय.

भिंत फक्त पाच मिमीची आणि वर १८ किलो प्रेशर. तीन जॉ तीन ठिकाणी बुश आत दाबतात. तुम्ही दाबलेल्या अवस्थेत छान गोल बोअर मारता. चक उघडला की दाबलेली तीन ठिकाणं बाहेर सरकतात आणि मधली तीन आत येतात. आता बोअर गेज समोरासमोरचे दोनच बिंदू मोजतो. तीन जॉ असल्यामुळे प्रत्येक फुगलेल्या जागेच्या बरोबर समोर आत आलेली जागा असते. एकीकडे सहा मायक्रॉन जास्त, समोर सहा कमी, बेरीज तीच. कितीही फिरवा, काटा हलणार नाही. प्लगला मात्र पूर्ण गोल जागा लागते, म्हणून तो अडतो.

खात्री करून घ्या. जॉब काढण्याआधी तोंडावर तिन्ही जॉच्या जागी मार्करने खूण करा. प्लगला मार्किंग ब्लूचा (टेकेल तिथे उमटणारा निळा रंग) अगदी पातळ हात लावून तोंडाशी हलकेच फिरवा. निळा रंग दोन खुणांच्या बरोबर मध्ये, तीन पट्ट्यांत उतरला तर निदान पक्कं. तीन पायांचा इनसाइड मायक्रोमीटर कुणाकडे मिळाला तर तो एकदा लावा, ६० अंश फिरवून पुन्हा लावा. रीडिंग बदलेल.

उपाय जॉमध्ये आहे, प्रोग्राममध्ये थोडासाच. रुंद सॉफ्ट जॉ बनवा, तिन्ही मिळून जवळजवळ पूर्ण रिंग होईल असे. जॉब धरायच्या प्रेशरलाच, मागे रिंग धरून, ते नेमके जॉबच्या ओडीएवढे बोअर करा. जॉ मोठे बोअर झाले तर मधोमध एका रेषेवर टेकतात, लहान झाले तर कडांवर. दोन्हीत जॉब पिचतो. रफिंग आणि फिनिश वेगळं करा. आधी सगळा लॉट रफ, मग कमी प्रेशरला फिनिश. एकाच सेटिंगमध्ये करायचं असेल तर जी-७१ नंतर टूल बाहेर काढून एम-०५ (स्पिंडल बंद), एम-०० (प्रोग्राम थांबा). चक उघडून जॉब मोकळा करा, प्रेशर उतरवा, स्टॉपरला टेकवून परत धरा. पुढे एम-०३ (स्पिंडल सुरू) द्यायला विसरू नका.

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर, पण प्रेशर उतरवण्याआधी आरपीएमचा विचार करा. स्पिंडल फिरला की जॉ बाहेर ओढले जातात, आणि ती ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. कमी प्रेशरला जुन्याच जी-५० वर (कमाल आरपीएमची मर्यादा) चालवलं तर जॉब हातात येण्याऐवजी दारावर आदळेल. १८० मीटरला ६२ व्यासावर साधारण ९२५ आरपीएम होतात, म्हणजे जी-५० एस-१००० पुरेल. प्रेशर एकदम निम्मं करू नका, दोन-दोन किलोने उतरवत प्रत्येक वेळी प्लग लावून बघा. चक उत्पादकाने दिलेल्या किमान प्रेशरच्या खाली मात्र जायचं नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सकाळी ब्लू लावला. तीन पट्ट्या, अगदी खुणांच्या मध्ये! बोअर गेज हातात धरून मी किती वेळ नुसता बघत बसलो.

जुने जॉ तपासले, ते ७२.३ ला बोअर केलेले निघाले. दुसऱ्या जॉबचे होते आणि घाईत मीच चढवले होते. आज रुंद जॉ नेमके ७२ ला काढले, फिनिशला प्रेशर १० किलो, जी-५० एस-१०००. पंधरा नग काढले. बोअर ६२.०१४, गो प्लग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, नो-गो (कमाल मापाचा, आत जाऊ नये असा प्लग) थांबतो. एम-०० मुळे नगामागे सुमारे ४० सेकंद वाढलेत, ते चालतील.

आता परत आलेल्या ६० नगांचा प्रश्न. ६२.०१२ वर आहेत, म्हणजे वर १८ मायक्रॉन शिल्लक. परत चकला धरायची भीती वाटते. होनिंगने (घासदगडांनी बोअर घासून) नुसत्या आत आलेल्या तीन जागा उतरतील का? पाच मिमी भिंतीचा बुश होनिंगला कसा धरायचा, हे कुणी केलं असेल तर सांगा. सोमवारी लॉट परत द्यायचाय.