टेबलावरचं त्रिमितीय चित्र कुणाच्या डोळ्यांसाठी काढायचं?

अस्थिवर्ग
मी शरीररचनाशास्त्र शिकवते. आमच्याकडे आभासी विच्छेदनाचं टेबल आहे: आडवी टचस्क्रीन आणि भोवती मुलं. परवा त्यावर मांडीचं हाड दाखवून त्याच्या मानेचा, म्हणजे वरचा गोळा दांड्याला जोडणाऱ्या भागाचा, दांड्याशी होणारा कोन विचारला. प्रौढात तो साधारण १२५ अंश असतो. माझ्या बाजूची मुलं जवळपास बरोबर होती. समोरच्यांनी दीडशेच्या पुढचे आकडे सांगितले. ती हुशार मुलं आहेत. चूक चित्राची होती.

काचेवरचं यथार्थदर्शन, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याची रीत, एकाच जागच्या डोळ्यासाठी काढलेलं असतं. भिंतीवरच्या पडद्यासमोर सगळे एकाच बाजूला बसतात, म्हणून फारसं बिघडत नाही. टेबलाला चार बाजू असतात. माझं स्पष्ट मत आहे की अशा टेबलावर चित्र थेट वरून बघितल्यासारखंच काढावं. कॅनडातल्या संशोधकांनी यावर चार प्रयोग केले. दृष्टिबिंदू, म्हणजे चित्र ज्या जागेवरून बघितल्यासारखं काढलंय ती जागा, टेबलाच्या वर स्थिर ठेवल्यावर बहुतेक कामांत चुका कमी झाल्या.

कोडवाला_नाशिक
मॅडम, त्याच प्रयोगांचा दुसरा निष्कर्षही सांगा. वस्तू कुठल्या दिशेला वळली आहे हे ओळखायचं असेल, तर चित्राचा दृष्टिबिंदू बघणाऱ्याच्या डोळ्याजवळ आणल्याने फायदा होतो. वरून पाहिलं की उभी धरलेली सुई नुसता ठिपका दिसते. शल्यविशारदाला सुई कुठून घालायची हे ठरवायचंय, त्याला ठिपका दाखवून काय उपयोग? डोकं हलेल तसं चित्र बदलणारी यंत्रणा लावा, प्रश्न सुटेल.

अस्थिवर्ग
कुणाचं डोकं? टेबलाभोवती सहा जण असतात. एकाच्या डोळ्याप्रमाणे चित्र सरकलं की बाकी पाच जणांसमोर हाड विनाकारण वाकतं. त्रिमितीय रांगोळीचा फोटो ठरलेल्या जागेवरूनच का काढतात? दुसऱ्या बाजूने गेलं की ती नुसती ताणलेली रंगांची पट्टी असते. आणि त्याच प्रयोगांत वस्तू ओळखणं किंवा तिचे आतले कोन सांगणं यासाठी डोळ्याशी जुळवून घेण्याचा फायदा दिसला नाही. माझा प्रश्न कोनाचाच होता.

कोडवाला_नाशिक
कोनापुरतं मान्य. पण तुमचं शीर्षक सगळ्याच त्रिमितीय चित्रांबद्दल आहे, आणि दिशेच्या प्रश्नाला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

संग्रहालयप्रेमी
दोघंही चित्र स्थिर धरून भांडताय. ब्रिटिश म्युझियमने २०१२ साली गेबेलीनच्या माणसाचं, म्हणजे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन मृतदेहाचं, सीटी स्कॅन अशाच टेबलावर ठेवलं होतं. लोक बोटाने त्याला फिरवत, त्वचेचा थर काढत. डाव्या खांद्याच्या फऱ्याजवळचा घाव, त्याला मागून भोसकल्याची खूण, सामान्य माणसांना टेबलावर बघता आली. हाताने वस्तू फिरते तेव्हा मेंदू आकार जुळवून घेतो. दृष्टिबिंदूवर एवढा जोर नको.

अस्थिवर्ग
फिरवणाऱ्याला आकार कळतो हे खरं. पण फिरवणारा हात एकाचाच असतो. जो फिरवत नाही, त्याला डावं-उजवंही क्षणभर कळेनासं होतं, हे मी दर वर्गात बघते. घाव आहे की नाही हे दिसणं वेगळं आणि किती अंशांचा कोन आहे हे सांगणं वेगळं.

जुना_विद्यार्थी
माझा विरोध टेबलालाच आहे. हाड हातात द्या. वजन, खडबडीतपणा, मानेचा पीळ अंगठ्याला कळतो. काचेवर बोट घासून तो कळणार नाही.

अस्थिवर्ग
हाडं देतेच. पण जिवंत रुग्णाच्या स्कॅनमधली मोडलेली मान हातात कशी देऊ? त्यासाठीच टेबल लागतं.

कोडवाला_नाशिक
मग मुलांना टेबलाच्या एकाच बाजूला उभं करून पाहिलंत का?

अस्थिवर्ग
एका बाजूला तीनच जण मावतात, तुकडी पंचवीसची आहे. पण दिशेचा प्रश्न असेल तेव्हा यापुढे तिघा-तिघांनाच बोलावीन, ते तुमचं बरोबर आहे. कोन विचारताना मात्र चित्र वरूनच ठेवणार.